ओटा पुरेसा आहे म्हणणाऱ्यांना

जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सार असा: आजोबांना समुपदेशक लागला नाही, ओटा होता; समुपदेशन म्हणजे पैसे मोजून गप्पा, परदेशी फॅड; तिथे गेलं की घरं मोडतात, गोळ्या सुरू होतात आणि घरातलं गावभर होतं.

ओट्यावर मन हलकं होतं, नाही कोण म्हणतो? पण ऐकणारा कोण असतो? काका, मामा, नाहीतर जेठ. त्याचा बांध तुमच्या बांधाला लागून, सोयरीकही त्यानेच जुळवलेली. सून त्याच्यापुढे पदर सावरत "बरं चाललंय" एवढंच म्हणणार. केळीचा भाव पडल्यापासून घुम्यासारखा बसलेला नवरा त्याला कर्जाचा खरा आकडा सांगेल? "लोके काय म्हनतीन" ही धास्ती ओट्यावरचीच. समुपदेशकाला तुमच्या शेतात वाटा नसतो, लग्नात मानपानही नसतो.

राहिल्या गप्पा. कुटुंबाला एकत्र बसवतात तेव्हा बरेचदा आधी कागदावर तीन पिढ्या मांडतात. पुरुष चौकोनात, बाई गोलात, बिनसलेल्या दोघांमध्ये नागमोडी रेघ. मग सासू-सुनेच्या भांडणाबद्दल मुलालाच विचारतात, "यांचं वाजलं की तुम्ही कुठे असता?" तो म्हणतो, शेतात. खरं काम इथून सुरू होतं. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं होतं की दोघांमधला ताण झेपेनासा झाला की तिसरं माणूस मध्ये ओढलं जातं. सगळ्या तपासण्या नॉर्मल येऊनही रोज सकाळी पोट दुखणारी दहावीतली मुलगी ती तिसरी असू शकते. ओट्यावर तिला कुणी विचारतं का?

मांडणी बरीचशी परदेशी, हे खरं. पण अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबूत ठेवून उपचारात सामील करून घेतलं होतं.

घरं मोडतात म्हणे! अहो, लोक येतातच वकिलाची नोटीस आल्यावर. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ तर न्यायालयालाच आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगतो, समुपदेशकांची तरतूदही त्यात आहे. मात्र मारहाण होत असेल तिथे नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घालणं धोक्याचं. ती तिथे बोलली तर रात्री घरी मार खाते. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता आणि २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. काही उत्साही समुपदेशकही इथे चुकतात.

गोळ्या? जो डॉक्टर नाही, त्याला त्या लिहून देताच येत नाहीत.

गावभर होण्याचं म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३ने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलंय. कुणाच्या जिवाला धोका असेल तर वगैरे मोजके अपवाद आहेत. पाटी लावून बसलेला प्रत्येक जण शिकलेला असतोच असं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत शिक्षण आणि नोंदणी विचारा. खऱ्या माणसाला राग येत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक तक्रार मात्र रास्त आहे: फी आणि अंतर. धडगाव-अक्कलकुव्याहून नंदुरबार गाठायचं तर दिवसाची मजुरी बुडते. निदान पहिल्या बोलण्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. नंबर १४४१६, रात्रीसुद्धा चालू.