गाडीला ऊन लागले

काल भर दुपारी नागपूरच्या व्हरायटी चौकात माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीने चारचौघांत वाफ सोडली. मे महिना, पारा ४५ अंशांच्या घरात आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. याहून अधिक प्रस्तावना नको.

मोकळ्या वर्धा रोडवर तापमानाचा काटा मधोमध राहतो आणि सिग्नलला थांबताच लाल पट्टीत शिरतो, एवढ्यावरून माझे निदान झाले होते. धावत्या गाडीचा रेडिएटर समोरच्या वाऱ्याने निवतो, उभ्या गाडीला मात्र पंख्याचाच आधार. आणि या १०८९ सीसीच्या इंजिनात पंखा व पाण्याचा पंप एकाच बेल्टवर फिरत असल्यामुळे तो ढिला पडला की वारा आणि पाणी दोन्ही मंदावतात. हे ज्ञान फुकट आलेले नाही. एका चकचकीत वर्कशॉपमधल्या तरुणाने स्कॅनर हातात घेऊन, "सर, याची वायर कुठं लावू?" असे मलाच विचारले होते आणि त्याबद्दल तपासणीचे पैसेही घेतले होते.

बॉनेट उघडून अंगठ्याने बेल्ट दाबला, तर तो चांगला इंचभर आत गेला. तेवढ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक गृहस्थ वाकून म्हणाले, "ऊन लागलं जी गाडीले."

"बेल्ट ढिला आहे," मी म्हणालो.

"बेल्ट-गिल्ट काही नाही भाऊ. तुमच्या खिशात कांदा आहे का?"

होता. सकाळी पत्नीनेच घातला होता.

"मंग! स्वतःले कांदा अन् गाडीले नाही? ते बिचारी उन्हात जळून राहिली, अन् तुम्ही तिच्या सावलीत बसून फिरून राहिले!"

गर्दी हसली. माझ्याच खिशातला कांदा त्यांनी काढून सुतळीने समोरच्या जाळीला बांधला. मग त्यांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला, तेव्हा मात्र मी ओरडलो, दाबाखाली शंभर अंशांपलीकडे तापलेले पाणी झाकण उघडताच तोंडावर उसळते, हे समजावले, तर म्हणाले, "थंड झाल्यावर पन्हं टाकू का मंग?"

मी त्याच बेल्टवर फिरणाऱ्या डायनमोचा बोल्ट सैल केला, जॅकच्या दांड्याने डायनमो बाहेर रेटला, बेल्ट ताणून बोल्ट आवळला आणि अर्ध्या तासाने पाणी भरून इंजिन सुरू केले. काटा मधोमध थांबला. टाळ्या पडल्या, त्या कांद्याला. दोन पोरांनी फोटो काढले, तेही कांद्याचेच. मी पाकिटाला हात घातला, तर गृहस्थ म्हणाले, "राहू द्या जी, माणुसकी आहे." याचाच राग अजून गेलेला नाही.

रात्री पत्नीने अमरावतीच्या बहिणीला फोन लावला. "अगं, साधा कांदा!" इथून सुरू झालेली ती हकीकत पंधरा मिनिटे चालली, आणि तीत बेल्टचे नाव एकदाही आले नाही.