वीज जाणार असेल, तर वेळ सांगा

मागच्या आठवड्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत संध्याकाळी सातला गेलेली वीज रात्री अकराला आली. सहाव्या मजल्यावरच्या काकांचे ऑक्सिजनचे यंत्र विजेवर चालते. राखीव सिलिंडर किती वेळ पुरवून वापरायचा, याचा हिशेब त्यांच्या मुलीला करता येईना, कारण वीज कधी येणार हे तिला कोणीच सांगत नव्हते.

२०२१ ते २०२३ या काळात आम्ही जोहान्सबर्गला राहत होतो. तिथे भारनियमनाचे टप्पे ठरलेले असत आणि प्रत्येक टप्पा म्हणजे देशभरात साधारण १००० मेगावॉटची कपात. २०२३ च्या सुरुवातीला सहावा टप्पा लागला, तेव्हा आमच्याकडे दिवसातून तीन-चार वेळा दोन-अडीच तास वीज जाई. पण आपल्या भागाची पाळी केव्हा, हे मोबाइलवर आधीच कळत असे. त्यामुळे थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवणे, कणीक मळून पोळ्या गॅसवर उरकणे, वीज परतताना दाब वाढून फ्रिज जळू नये म्हणून त्याचे बटण आधीच बंद करणे, हे सारे अंगवळणी पडले. रस्त्यावरचे सिग्नल (त्यांना तिथे 'रोबो' म्हणतात) बंद पडले, की चौकात जो आधी आला तो आधी निघे आणि बहुतेक जण हा नियम पाळत.

मी त्या व्यवस्थेचे गोडवे गात नाही. नवी वीजकेंद्रे उभारली नाहीत तर २००७ च्या सुमारास वीज अपुरी पडेल, असा इशारा तिथल्या सरकारच्याच धोरणपत्रिकेने १९९८ मध्ये दिला होता. तो वेळेवर ऐकला गेला नाही आणि २००७ अखेरीस भारनियमन सुरू झाले. पण एकदा आमच्या भागातली केबल चोरीला गेली आणि दीड दिवस वेळापत्रकाबाहेरचा अंधार सोसावा लागला, तेव्हा रोजच्या सहा-आठ तासांपेक्षा तो दीड दिवस मला कितीतरी जड गेला. इन्व्हर्टर ज्याला परवडतो तोच घेतो. वेळेची माहिती मात्र झोपडीतल्या माणसालाही फुकट देता येते.

आपल्याकडेही भारनियमनाच्या वर्षांत आई वर्तमानपत्रातले वेळापत्रक कापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवीत असे आणि त्यावर नजर ठेवून पाणी भरीत असे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. तसा बिघाड आधी सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही बिघाड सापडल्यावर दुरुस्तीला अंदाजे किती वेळ लागेल, एवढे तरी सांगता येतेच. बिल ज्या मोबाइलवर न चुकता येते, त्याच मोबाइलवर तेवढा एक संदेश पाठवणे अवघड नसावे.

या मागणीचा अर्ज मी लिहून सोसायटीच्या कार्यालयात ठेवला आहे. रविवारपर्यंत सह्या झाल्या, तर सोमवारी तो वीज कार्यालयात देऊन पोच घेईन. ज्यांच्या घरी विजेवर चालणारे वैद्यकीय यंत्र आहे, त्यांनी आपला ग्राहक क्रमांक अर्जासोबतच्या यादीत जरूर लिहावा.