‘एक कानफटात दिली असती तर...’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘पोरांना धाक राहिला नाही. आमच्या वेळी एक कानफटात बसली की सरळ व्हायची. डॉक्टरकडे नेऊन घरची अब्रू कशाला घालवता?’ असं तुम्ही लिहिलंत, मुलाच्या सोल्युशन हुंगण्याच्या नशेबद्दल मी लिहिलेलं वाचून. तुमची तळमळ कळते. पण कानफटात आमच्याही घरात बसली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

मी निपाणीची. आई विड्या वळायची, तंबाखूच्या वासातच वाढले. व्यसन म्हणजे दारू नाहीतर मिश्री, एवढंच ठाऊक. मुलगा नववीत असताना त्याच्या दप्तरात एक रुमाल सापडला. पापडासारखा कडक, पिवळट डागांचा, पंक्चरच्या सोल्युशनचा वास मारणारा. ‘सायकल पंक्चर झाली होती,’ म्हणाला. सायकल दोन महिने परसात गंजत पडली होती. ह्यांनी त्याला खूप मारलं. त्यानंतर दप्तरात रुमाल कधी दिसला नाही आणि पोरगा सुधारला असं आम्ही तीन महिने धरून चाललो. तो फक्त लपवायला शिकला होता.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. सोल्युशन, थिनर हुंगल्यावर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी पोर एकदम दचकलं, पळालं तर जीवही जाऊ शकतो, अगदी पहिल्यांदा हुंगणाऱ्याचासुद्धा. म्हणून हुंगताना सापडला तर ओरडू नका, पाठलाग तर नकोच. मोकळ्या हवेत बसवा. शुद्ध हरपली तर 108 ला फोन.

धाक नकोच, असं मी लिहिलं नव्हतं. आठच्या आत घरी, हातात रोख पैसे नाहीत, हे नियम आमच्याकडे आजही आहेत. पण विचारपूस नशा उतरल्यावर. लपवालपवी कळली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेंगा फोडत विचारलं, ‘कधीपासून?’ ‘का केलंस?’ हे मुद्दाम टाळलं. तिसऱ्या दिवशी तो बोलला.

अब्रूचं म्हणाल, तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानस या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नशामुक्तीसाठी 14446 वेगळा. आम्ही पुढे धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात गेलो. ओपीडीच्या रांगेत आमच्यासारखेच आईबाप बसले होते. आणि जरब बसवायचीच तर पोरांना दारू, गांजा, तंबाखू देणाऱ्यावर बसवा. बालन्याय कायद्याच्या 77 व्या कलमात त्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

तुमची शेवटची ओळ मी दोनदा वाचली: ‘आमचा नातूही हल्ली कोणाशी बोलत नाही.’ काका, तेवढ्यावरून नशा ठरवू नका. लाल डोळे रात्रभर मोबाइल बघूनही होतात, गप्पपणा परीक्षेच्या धास्तीनंही येतो. झोप, मित्र, पैसे, अभ्यास, सगळंच थोड्या दिवसांत बदललं असेल तर मात्र थांबू नका. आज रात्री त्याला शेजारी जेवायला घ्या आणि झोप लागते का, एवढंच विचारा. पहिल्या दिवशी बाकी काही नको.