दोन डिस्क घेतल्या म्हणजे बॅकअप झाला नाही

सोलापूरकरांच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: जुना पीसी काढा, दोन सारख्या डिस्क टाका, रेड-१, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच ठेवणारी जोडणी, लावा. एक गेली तरी दुसरीत सगळं आहे, बॅकअपची गरज नाही. मशीन माळ्यावर ठेवा, राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून मशीनपर्यंत यायची वाट, उघडा, पोरं पुण्यातून फोटो बघतील. गूगलला पैसे देणं बंद.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण यावर विसंबून कुणी फोनमधले मूळ फोटो पुसले आणि मशीनचं काही झालं, तर ते परत येणार नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेते.

रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं, आणि तेच पुसलंही जातं. आजोबांच्या पंचाहत्तरीचं फोल्डर नातवानं चुकून डिलीट केलं की ते दोन्हीकडून गेलं. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं, पॉवर सप्लाय जळून जास्त व्होल्टेज गेलं, मशीनच चोरीला गेलं, तरी तेच. दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. शिवाय एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या डिस्क बहुधा एकाच बॅचच्या असतात. एक थकली की दुसरीचाही भरवसा कमी, आणि बदली डिस्कवर सगळं उतरवताना नेमका त्या उरलेल्या डिस्कवरच तासन्‌तास ताण येतो. अशा जोडणीचा, म्हणजे मिररचा, फायदा इतकाच, की डिस्क बिघडली त्या दिवशी काम थांबत नाही. नव्या पेठेतल्या दुकानाला त्याचं मोल आहे. घरात दोन दिवस फोटो दिसले नाहीत तर काय अडतं?

बजेट तोकडं असेल तर दुसरी डिस्क मशीनमध्ये घालूच नका. यूएसबी केसमध्ये घाला, सगळी कॉपी करा, पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करा आणि दुसऱ्या घरी ठेवा. आपल्याकडे घरटी कुणीतरी पुण्यात असतंच. हुतात्मा एक्स्प्रेसनं डिस्क जाऊ द्या. शक्य झालं तर अशा दोन डिस्क ठेवा आणि दिवाळीला, गड्ड्याच्या जत्रेला अदलाबदल करा. नवे फोटो त्या डिस्कवर चढेपर्यंत फोनमधून काढू नका. आणि कॉपी केल्यावर दोन-चार व्हिडिओ उघडून, चालवून बघा.

माळ्याचा सल्ला तर सोलापुरात घातकच. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो, आणि चालू डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा गरमच असते. बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंश. घरातली सगळ्यात थंड खोली बघा, मागे वारा खेळेल इतकी जागा सोडा, पंख्यावरची धूळ झटकत राहा.

विजेबद्दल मेसेज गप्प आहे. घरी इन्व्हर्टर असला तरी बॅटरी संपल्याचं तो मशीनला सांगत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फायली बिघडू शकतात. यूएसबीची वायर जोडता येणारा छोटा यूपीएस घ्या, म्हणजे मशीन वेळेत स्वतःच बंद होतं. जुना पीसी ६० वॅट खात असेल तर महिन्याला ४३ युनिट होतात. दोन डिस्कचं तयार नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवायचं छोटं मशीन, २० वॅटच्या आसपास, म्हणजे साधारण १५ युनिट.

पोर्ट मात्र अजिबात उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅप या कंपनीची नॅस मशीन डेडबोल्ट रॅन्समवेअरनं कुलूपबंद केली आणि ०.०३ बिटकॉइन खंडणी मागितली. त्यात घरगुती मशीनही होती. बाहेरून बघायचं तर टेलस्केल किंवा वायरगार्ड वापरा, म्हणजे फक्त आपल्याच फोन-मशीनमध्ये खासगी, सुरक्षित जोडणी होते. आपल्याकडच्या पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, नसतोच. तिथं पोर्ट उघडूनही काही होत नाही, टेलस्केल मात्र चालतं.

गूगलवरची चीड मला समजते. १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. तरी १५ जीबी अजून फुकट आहे. लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ घरच्या मशीनवर हलवा. सातबारा, खरेदीखत, मार्कशीटचे स्कॅन आणि निवडक फोटो त्या १५ जीबीत मावतात, ते तिथंही राहू द्या.