‘एकट्या माणसाकडून टॅलीचं अ‍ॅड-ऑन घेणं म्हणजे जुगार’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मार्केट यार्डातल्या घाऊक व्यापाऱ्यांनी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी छोट्या डेव्हलपरकडून जादा सोय देणारं अ‍ॅड-ऑन करून घ्यायला हरकत नाही, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप तीन. डेव्हलपर एकटा असतो, तो उद्या फोन उचलेनासा झाला की धंदा अडकतो. घ्यायचंच तर मोठ्या कंपनीचं किंवा निदान टॅलीच्या पार्टनरकडून, म्हणजे मान्यताप्राप्त विक्रेत्याकडून घ्यावं. आणि व्यापाऱ्याला कोड कळत नाही, मग तो विश्वास ठेवणार कशाच्या जोरावर? शिवाय जाता जाता एक टोला: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हीच टीडीएल, म्हणजे याच फाइली, फुकट मिळतात.

पहिला आक्षेप खराच आहे. छोटे डेव्हलपर गायब होतात, आणि बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. नोकरी लागते, गाव सुटतं, किंवा शंभर गिऱ्हाइकांचे फोन एकट्याला झेपत नाहीत. पण तो गेल्यावर नेमकं काय बंद पडतं, हे तुम्ही सांगितलेलं नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच ठरतो.

टॅलीचं अ‍ॅड-ऑन म्हणजे टीडीएल भाषेत लिहिलेली फाइल. मूळ फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्ये उघडते. डेव्हलपर ती कंपाइल करून टीसीपी बनवतो आणि बऱ्याचदा तुमच्या टॅलीच्या सिरियल नंबरला बांधून देतो. टीसीपी उघडून वाचता येत नाही. डेव्हलपर गेला म्हणून ती दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. ती अडते ती नवं लायसन्स घेऊन सिरियल नंबर बदलला तेव्हा, कायदा बदलला तेव्हा, किंवा टॅलीची मोठी आवृत्ती आली तेव्हा. २०२३ मध्ये टॅलीप्राइम ३.० आलं, एकाच कंपनीत अनेक जीएसटी नोंदण्या घेता यायला लागल्या आणि जीएसटीचे रिपोर्ट पार बदलले. जुन्या रिपोर्टांवर बेतलेल्या टीडीएलना त्या वेळी दुरुस्ती लागली. त्यात ३.० मध्ये डेटा एकदा मायग्रेट केला की तो जुन्या आवृत्तीत उघडत नाही. डेव्हलपर हाताशी नसताना कोणी उत्साहात अपग्रेड केलं, तर मागे फिरायला जुन्या बॅकअपशिवाय वाट नाही.

खरी मेख मात्र यूडीएफची, म्हणजे डेव्हलपरने स्वतः जोडलेल्या रकान्यांची आहे. समजा तुमच्या अ‍ॅड-ऑनने विक्रीच्या व्हाउचरमध्ये (नोंदीत) गाडी नंबर, हमाली, तोलाई असे रकाने घातले. ही माहिती टॅलीच्या मूळ रकान्यांत बसत नाही; डेव्हलपरने तयार केलेल्या यूडीएफमध्ये साठते. प्रत्येक यूडीएफला एक क्रमांक असतो आणि एक प्रकार: मजकूर, रक्कम, तारीख वगैरे. अ‍ॅड-ऑन काढलं की हे रकाने पडद्यावरून जातात, पण माहिती कंपनीच्या डेटात तशीच पडून राहते. ती पुन्हा दिसायला त्याच क्रमांकाची आणि त्याच प्रकाराची व्याख्या असलेली टीडीएल लागते. ती यादी हातात असेल, तर टीडीएल जाणणारा कोणीही नवा माणूस जुने रकाने परत उभे करू शकतो. नसेल, तर डेटा एक्सएमएल नावाच्या मजकुराच्या स्वरूपात एक्स्पोर्ट करून त्याच्या टॅगमधले ‘इंडेक्स’ आणि ‘टाइप’ बघत कोणता आकडा कशाचा, हे जुळवत बसावं लागतं. होतं, पण किचकट काम आहे. आणखी वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्या डेव्हलपरने नकळत तोच क्रमांक वेगळ्या कामासाठी वापरणं. मग हमालीच्या जागी भलतंच काहीतरी दिसायला लागतं.

म्हणून पैसे देण्याआधी त्या एकट्या माणसाकडून दोन गोष्टी ईमेलवर लेखी घ्या. एक, सगळ्या यूडीएफची नावं, क्रमांक आणि प्रकार. दोन, सपोर्ट थांबवला किंवा ठरावीक दिवस उत्तर दिलं नाही, तर मूळ टीडीएल किंवा निदान सिरियल नंबरला न बांधलेली टीसीपी मिळेल, याची कबुली. मूळ कोड द्यायला डेव्हलपर कां-कूं करतो आणि त्याचंही बरोबर आहे, तोच त्याचा माल आहे. पण यूडीएफची यादी दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात त्याचं काही जात नाही. ती द्यायलाही जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

आता मोठ्या कंपनीचं. अडत पट्टीचा (दलाली धरून केलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीचा) तुमच्या बाजारातला नमुना, तुमच्या बाजार समितीचा सेस, तुमच्याकडची हमालीची पद्धत हे सगळं मोठी कंपनी करून देत नाही. तिला ते परवडतच नाही. २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा पट्टीचा हिशेबच उलटा झाला. असे बदल गावातला माणूसच करून देतो. आणि मोठं म्हणजे टिकाऊ, हेही गृहीत धरू नका. गूगलने रीडर हे ब्लॉग-बातम्या वाचायचं साधन २०१३ मध्ये बंद केलं. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या कंपन्यांची अ‍ॅप एका फटक्यात तोडली. त्यांतली ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं चोख काम केलं होतं, तरी ती मेली. त्यात दोष डेव्हलपरचा नव्हता, तो ज्या प्लॅटफॉर्मवर उभा होता त्याचा होता.

टॅलीच्या बाबतीत ही जोखीम वेगळ्या रूपात येते. ४.० आवृत्तीत व्हॉट्सअ‍ॅपवर बिल पाठवायची आणि एक्सेलमधून डेटा आत घ्यायची सोय टॅलीतच आली. नेमकं तेवढ्याचसाठी अ‍ॅड-ऑन विकत घेतलेल्यांची रक्कम फुकट गेली. ५.० मध्ये जीएसटी पोर्टलची जोडणी आली, ६.० मध्ये बँकेची. तेव्हा सगळ्यांना लागणारी सोय बाहेरून विकत घेऊ नका, किंवा वर्षाच्या बोलीवर घ्या. ती आज ना उद्या टॅलीत येण्याची शक्यता मोठी. फक्त तुमच्या पेठेला लागणारी सोय मात्र बेलाशक छोट्याकडून घ्या, ती टॅलीत कधीच येणार नाही.

पार्टनरबद्दल एवढंच सांगतो: लायसन्स विकायची आणि सेवा द्यायची मान्यता असणं म्हणजे त्याच्या प्रत्येक टीसीपीची टॅलीने ओळ न् ओळ तपासली, असं नव्हे. काही पार्टनर टीडीएल बाहेरून लिहून घेतात. ‘कोड कोणी लिहिला आणि तो माणूस अजून तुमच्याकडे आहे का?’ हा प्रश्न पार्टनरलाही विचारा.

तुम्ही न मांडलेला एक धोका यापेक्षा मोठा आहे: चांगला डेव्हलपर आपला माल दुसऱ्याला विकतो. क्रोम ब्राउझरला जोडायचं ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेन्शन वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२० मध्ये त्याच्या कर्त्याने ते अनोळखी माणसाला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून ते काढून टाकलं. अँड्रॉइडवरची ‘सिंपल मोबाइल टूल्स’ ही अ‍ॅप २०२३ च्या अखेरीस अशीच विकली गेली. पण त्यांचा कोड खुला असल्याने इतरांनी तो घेऊन ‘फॉसिफाय’ नावाने काम पुढे चालवलं. म्हणून ईमेलमध्ये आणखी एक वाक्य घाला: मालकी बदलली तर आधी कळवायचं.

तिसरा आक्षेप, कोड न कळता तपासायचं कसं. कोड वाचायची गरज नाही, आकडे जुळवायचे. आल्ट आणि वाय दाबून डेटा मेनूतून बॅकअप घ्या आणि तो वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा. त्याच फोल्डरमध्ये केलात तर चालू डेटावर बसेल. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. या प्रतीवर अ‍ॅड-ऑन लावण्याआधी ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी आणि स्टॅटिस्टिक्स हे तीन रिपोर्ट पीडीएफ करून ठेवा. कोणत्या प्रकारची किती व्हाउचर आहेत आणि किती लेजर (खाती), हे स्टॅटिस्टिक्समध्ये मोजून मिळतं. मग एफ१, टीडीएल्स अँड अ‍ॅड-ऑन्स, एफ४ मॅनेज लोकल टीडीएल्स असं जाऊन फाइल लावा. पाच-सात बिलं करा, एक दुरुस्त करा, एक रद्द करा, एक डिलीट करा. पुन्हा तेच तीन रिपोर्ट काढा. फरक तुम्ही केलेल्या नोंदींइतकाच दिसला पाहिजे. शेवटी अ‍ॅड-ऑन काढून टाका, टॅली बंद करून उघडा आणि आकडे तिसऱ्यांदा बघा.

डेव्हलपरच्या डेमो कंपनीत हे करू नका, पूर्ण वर्षाचा डेटा लागतो. पंधरा व्हाउचरवर सगळंच पळतं. अडाण्यासारखं लिहिलेलं टीडीएल रिपोर्टच्या प्रत्येक ओळीसाठी सगळी व्हाउचर पुन्हा चाळतं, त्यामुळे एप्रिलमध्ये चटकन उघडणारी पट्टी मार्चमध्ये चहा पिऊन आलं तरी उघडत नाही. आणि अ‍ॅड-ऑन दुसऱ्या मशीनवर एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे लायसन्सशिवाय बघणार असाल, तर तिथे नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेलाच करता येतात आणि सिरियलला बांधलेली टीसीपी चालत नाही. म्हणून चाचणीसाठी मुदतीची, न बांधलेली फाइल मागून घ्या.

फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक तपासणी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना बंद करता न येणारी ऑडिट ट्रेल (कोणती नोंद कधी बदलली याची आपोआप होणारी नोंद) असलेलं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. अ‍ॅड-ऑन आपली माहिती टॅलीबाहेरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवत असेल, तर त्या नोंदी टॅलीच्या एडिट लॉगमध्ये येणार नाहीत आणि ऑडिटर प्रश्न विचारणार. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला हा नियम लागू नाही.

मोबाइलवर उधारी दाखवणारी अ‍ॅप मी वेगळ्या खणात ठेवतो. त्यांच्यावर जास्त कडक राहा. ती बऱ्याचदा सेटिंग्जमधल्या कनेक्टिव्हिटीत टॅलीला सर्व्हर करून ९००० नंबरचा पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचा दरवाजा) उघडायला सांगतात. दुकानाच्याच वाय-फायवरून दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये टॅलीच्या मशीनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), मग कोलन आणि ९००० टाकून बघा. ‘टॅलीप्राइम सर्व्हर इज रनिंग’ असं उत्तर आलं, तर त्या वाय-फायवर असलेल्या कोणालाही तो दरवाजा उघडा आहे. वाय-फायचा पासवर्ड गिऱ्हाइकांना देत असाल तर ते आजच बंद करा. विंडोज फायरवॉलमधून तो पोर्ट फक्त लागणाऱ्या मशीनपुरता ठेवता येतो. आणि इन्स्टॉल करताना डेव्हलपरने एनीडेस्क या दुरून संगणक चालवायच्या प्रोग्रॅममध्ये कायमचा पासवर्ड लावून ठेवलाय का, तेही बघून घ्या.

पैशांचं ३०-५०-२० असं ठेवावं: ३० टक्के सुरुवातीला, ५० प्रतीवरची चाचणी झाल्यावर, २० पहिलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरून झाल्यावर. डेव्हलपरच्या बिलावर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणीचा नंबर) असेल तर तो जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाका, लॉगिन लागत नाही, नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रं भरली का, हे दिसतं. नंबरचे पहिले दोन आकडे महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०. नंबरच नसेल तर लगेच लबाड ठरवू नका. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही.

राहिला फुकट टीडीएलचा टोला. टीडीएल टॅलीच्या आत चालतं, म्हणजे टॅलीला जे दिसतं ते सगळं त्याला दिसतं, आणि त्याला माहिती बाहेर पाठवता येते, दुसरा प्रोग्रॅमही चालवता येतो. ग्रुपवरची फाइल साध्या मजकुराची असेल तर नोटपॅडमध्ये उघडून एचटीटीपी पोस्ट, रिमोट यूआरएल, एक्झेक कमांड, डीएलएल हे शब्द शोधा. बिलाचा नमुना छापायला यांतलं काही लागत नाही. टीसीपी असेल तर शोधायलाही काही नाही. विकत घेतलेल्या टीसीपीमागे निदान एक नाव आणि एक बिल असतं, ग्रुपवरच्या टीसीपीमागे कोणीच नसतं.

तुमच्याकडे आत्ता काय काय लावलंय, ते एफ१ मधल्या टीडीएल्स अँड अ‍ॅड-ऑन्समध्ये दिसेल. ती यादी इथे टाकलीत, तर कोणत्या फाइलीसाठी यूडीएफ मागायला हवेत आणि कोणती निव्वळ छपाईची आहे, ते पुढच्या उत्तरात सांगतो. कंपनीचं नाव आणि सिरियल नंबर तेवढे खोडून टाका.