पाण्याची रेल्वे विकणे आहे

सहा बाय चारचा कॅनव्हास विकणे आहे, अशी पोस्ट मागच्या रविवारी टाकली होती. आलेल्या फोनांपैकी निम्म्यांचा पहिला प्रश्न, "स्क्वेअर फुटाला काय भाव?" एकानं फ्रेमचं लाकूड सागवानी आहे का विचारलं. चित्रात काय आहे हे फक्त एका बाईंनी विचारलं, तेही सोफ्याच्या रंगाला जुळतंय का बघायला.

तर चित्रात रेल्वे आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आली ती. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. तो उन्हाळा ज्यांनी घागरींच्या रांगेत काढला त्यांना जास्त सांगायला नको. आमच्या जुन्या घरामागच्या कंपाउंडवर एका पेंटरनं ती स्प्रे अन् ब्रशनं काढली होती. वाघिणींच्या जागी लाल-निळ्या प्लास्टिकच्या घागरी, अन् खाली फुगीर, एकमेकांत घुसलेल्या अक्षरांत 'नंबर लावा'. पुण्या-मुंबईची पोरं ग्राफिटी म्हणतात ते हेच. 2019 च्या दिवाळीत मी फोटो काढला, फ्लेक्सवाल्याकडून कॅनव्हासवर मोठा करून घेतला. पुढं भिंत पांढरी झाली. आता तिथं एका क्लासचे नीटचे टॉपर हसतात.

घर बदललं, नव्या हॉलला एवढी भिंतच नाही, म्हणून विकायला काढलं. परवा बबल रॅप गुंडाळायला पालथं टाकलं तर खालच्या कडेला, फ्रेमवर दुमडलेल्या कापडावर, पिवळ्या रंगात काहीतरी दिसलं. पेंटरचं नाव अन् दहा आकडी मोबाइल नंबर! पाच वर्षं जमिनीकडं तोंड करून. कॅनव्हास ताणताना चारी बाजूंचं दीड-दोन इंच कापड आत जातं हे फ्लेक्सवाल्यानं सांगितलं होतं. मीच म्हणालो होतो, जाऊ द्या, खाली काय नुसता रस्ताच आहे.

फोन लावला.

"पाण्याची रेल्वे? ते तर पुसलं की, सर."

माझ्याकडं आहे म्हणालो, विकायलोय.

"कामून विकायलात? बरं, नाव आलंय का माझं त्यात?"

आलंय, पण दुमडलंय. तो हसला. "दिसलं पायजे बगा. नंबर चालूच हाय माझा." भिंतीचे पैसे त्याला फुटावरच मिळाले होते. म्हणजे भाव विचारणाऱ्यांवर मी उगाच चिडलो होतो.

आपल्या मराठवाड्यात भिंत कॅनव्हासवर उतरवायचं काम जुनं आहे. कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल 1844 पासून अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत बसला. त्या लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले; त्यांच्याही बऱ्याच नकला 1885 ला लंडनच्याच आगीत गेल्या. भिंती मात्र राहिल्या. माझं उलटं झालं, भिंत गेली अन् नक्कल उरली. नकला करणाऱ्यांची नावं आपण घेतो, मूळ भिंती रंगवणाऱ्यांचं एकही ठाऊक नाही. माझ्या पेंटरनं तर मोबाइल नंबरसुद्धा ठेवला होता, अन् मी तो दुमडून त्यावर पिना मारल्या.

रस्त्यावरचं आहे म्हणून चित्र बेवारस होत नाही, हे मला विकायला काढल्यावर सुचलं, लाज वाटते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 म्हणतं, हक्क विकले तरी कलाकृतीवर आपलं नाव सांगायचा कलाकाराचा अधिकार जात नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातून उतरवलेल्या ब्राँझ म्युरलसाठी, म्हणजे भिंतीवरच्या शिल्पासाठी, शिल्पकार अमरनाथ सहगल थेट सरकारशी भांडले; 2005 ला दिल्ली हायकोर्टानं उरलेलं म्युरल परत द्यायला अन् 5 लाख भरपाई द्यायला लावली. आमच्या पेंटरला कोर्ट नको, पुढचं काम पाहिजे.

सुताराकडून खाली दीड इंचाची पट्टी वाढवून कॅनव्हास पुन्हा ताणून घेतलाय. नाव-नंबर आता समोर आहे. जुन्या घडीची रेघ दिसते, ती जाणार नाही. किंमत 7,500, त्यातले अर्धे पेंटरला, घासाघीस करायची तर त्याच्याशीच करा. कोपरा झाकून टांगणार असाल तर येऊ नका. अन् मोटारसायकलवर न्यायला तर अजिबात येऊ नका, छोटा हत्ती लागतो.