डबल बेल

परवा गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर माझा उपमा बुडाला. रक्कम किरकोळ आहे, पण डोक्यातून जात नाही.

भाचीचं बारसं ठाण्याला, संध्याकाळी. २०२३च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून आमच्या कुडाळात जो तो विमानाने जातो, म्हणून मीही गेलो. ११.२०चं विमान. बांदा मागे टाकलं आणि मेसेज आला, ११.५५. आत पोचलो तर १२.३५. मग १.१५. उशीर एकदम सांगत नाहीत, हप्त्याहप्त्याने सांगतात. माणूस घरी परतत नाही आणि बोंबही मारत नाही.

शेजारी एक तात्या बसले होते. पांढरा सदरा, मांडीवर पिशवी. एष्टीत कंट्रोलर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण नजर अजून फलाटावरच. काउंटरवरच्या मुलीने आधी "हवामान" सांगितलं आणि नंतर "ऑपरेशनल कारण".

"आपरेशन?" तात्या दचकले. "कोणाचा? पायलटाचा?"

मी समजावलं. तात्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

"झिला, गाडी खयसून येता ता इचारलंस?"

"तात्यानू, ती मुंबईहून येईल तेव्हा..."

"मगे सुटतली कशी? येवकच नाय तर सुटतली खयसून?"

मी फोनवर विमानाचा माग काढला. आमचं विमान अजून मुंबईतच उभं होतं आणि त्याआधी ते आणखी कुठूनतरी उशिरा आलं होतं. एकच विमान दिवसभर गावं फिरतं. सकाळी वीस मिनिटं चुकली की दुपारपर्यंत त्याचे दोन तास होतात. "म्हणान पयली गाडी धरूची," तात्या म्हणाले. "ती रात्री डेपोतच आसता. आणि डायवराची ड्युटी संपली तर दुसरो डायवर खय आसा?" हेही खरंच निघालं. वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांना मर्यादा असते, ती संपली की विमान जागचं हलत नाही. हे सगळं शोधायला मला दहा मिनिटं आणि बॅटरी लागली. तात्यांनी ते सावंतवाडी डेपोत बसून कधीच शोधलं होतं.

त्यांना काहीतरी शिकवावं म्हणून मी नियम काढला. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल, तर कंपनीने खाणंपिणं द्यायचं. फ्लाइट ऐनवेळी रद्द झाली, तर आपल्यासारख्या तास-दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं आणि इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. पावसापाण्यामुळे रद्द झाली तर काहीच नाही. म्हणजे कोकणात पावसाळाभर काहीच नाही, असं मी मनात धरलं. त्या मुलीचं "हवामान" मला तेव्हा उगाच आठवलं.

"दोन तास कधी होतत?"

"१.२०ला."

"बरा तर." तात्यांनी पिशवीतून डबा काढला. घावणे, ओल्या खोबऱ्याची चटणी. वास सगळ्या गेटभर. ते एकेक घावणं दुमडून खात होते आणि मी बघत होतो. शेवटचं उरलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुका देतंय होतंय, पण तुका तर उपमा मिळतलो." आणि खाल्लं.

आमच्या आईने हे ऐकलं असतं तर आधी तात्यांना दोन शब्द सुनावले असते, मग मला. डबा न घेता घराबाहेर पडणारा माणूस तिच्या लेखी अनाथच. रात्रीची कोकणकन्या धरली असती तर सकाळी ठाण्यालाच उतरून वडापाव खाल्ला असता, ही खंत वेगळी.

१.०५ला काउंटरवर अचानक हालचाल झाली. आख्खी दुपार हप्ते देणाऱ्या कंपनीने तेरा मिनिटांत आम्हाला आत कोंबलं. १.१८. दोन तासांना दोन मिनिटं कमी. मग दार उघडंच. १.३०. १.४०. योगायोग असेल, पण मला तो पचलेला नाही. पोटात दुसरं काही नव्हतंच पचायला.

तात्या माझ्याच रांगेत. डोक्यावरचं बटण त्यांनी दोनदा दाबलं.

"काय केलंत?"

"डबल बेल दिलंय. आता सुटतली."

हवाईसुंदरी आली. "येस सर?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हेका उपमा व्हयो."

"विमान वर गेल्यावर मिळेल, सर. त्याचे पैसे पडतील."

बोरिवलीच्या वर कुठेतरी मी ते दिले.